आवडूचा जांभळा

फार फार वर्षांपूर्वी, वेळशेतच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा, तिथे आवडू नावाची रंगारीण राहायची. गावाची रीत होती, की जो समुद्रात बुडाला त्याचा चेहरा आवडूने देवीच्या पटावर काढायचा. पट म्हणजे लांबलचक कापड. जत्रेत ते देवळापुढे पसरायचे. पण खाऱ्या वाऱ्यात रंग टिकत नसे. दोन जत्रांत चेहरे पुसून जायचे.

एका साली आवडूचाच नवरा, धाकू, होडीसकट परतला नाही. तिने त्याचा चेहरा काढला. वर्षभरात त्याचे डोळे फिके झाले.

"आत्याबाई, ह्यांचं नाक कसं होतं ते मला आठवेना," ती सासूला म्हणाली.

"नाकाचं सोड. त्याचं घोरणं मला अजून ऐकू येतं," सासू म्हणाली.

आवडू न पुसणारा रंग शोधू लागली. पाला झाला, माती झाली. एकदा खडकावरच्या शंखाला तिचं बोट लागलं आणि दुधासारखा थेंब आला. तिने तो कापडावर ओढला. रंगवलेलं कापड रंगारी सावलीतच वाळवतात, तसं तिनेही वाळवलं. ते पिवळट राहिलं आणि घरभर वास सुटला.

"हा रंग आहे की कुजका बांगडा?" सासूने नाकाला पदर लावला.

आवडूने चिडून कापड भर उन्हात भिरकावलं. उन्हात पिवळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं निळं, आणि निळ्याचं गर्द जांभळं. असं म्हणतात, तेव्हा लाटासुद्धा थबकल्या.

मग शंखाचा थेंब घ्यायचा, शंख पाण्यात सोडायचा, असं करत तिने सगळे चेहरे नव्याने काढले, धाकूचं नाक मात्र अंदाजानेच.

जत्रेला किल्ल्यावरचा सरदार आला. "हा राजाच्या अंगावरचा रंग. कोळ्यांच्या तोंडाला कुणी फासला? धुऊन टाका."

बायकांनी पट समुद्रात धुतला. असं म्हणतात, धुवावा तितका रंग गडद होत गेला, आणि शेवटी चेहऱ्यांनी डोळे उघडले. सासू कमरेभर पाण्यात उभी होती. "नाक बघून घे गं," ती आवडूला हळूच म्हणाली. सरदाराने जोडे काढले आणि तो वाळूत अनवाणी उभा राहिला.

आजही वेळशेतला तो शंख कुणी मारत नाही. जत्रेत भर दुपारी पट उन्हात पसरतात आणि लहानथोर एकेका चेहऱ्यापुढे बसून त्याचं नाव घेतात. ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, त्यालाही हाक मारतात. त्याला म्हणतात, "आवडूच्या घरच्या माणसा."