सात रेघा

फार पूर्वी, दुपारच्या उन्हाला पाठ देऊन बायका अंगणात लेकींच्या डोक्यातून फणी फिरवत बसायच्या, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक आई होती. तिच्या लेकीची वेणी गुडघ्याला लागायची. आईचा सगळा जीव त्या वेणीत.

एकदा लेकीच्या डोक्यात उवा झाल्या. खाजवून जखमा झाल्या, त्या चिघळल्या, ताप भरला. आई घाबरून वैद्यबुवांकडे गेली. त्यांनी कडू तेलाची बाटली दिली आणि बजावलं, "खाज थांबली तरी सात दिवस लाव."

तेलाला वास फार उग्र. पोरी लेकीजवळ बसेनात, नाक धरून हसायच्या, आणि ती घरी येऊन रडायची. तिसऱ्या दिवशी फणीला एकही ऊ लागली नाही. आईला वाटलं, झालं की बरं, कशाला लेकराला छळायचं? तेवढ्यात शेजारणीने आपल्या पोरीसाठी उरलेलं तेल मागितलं. आईने देऊन टाकलं. तिनेही तीनच दिवस लावलं.

महिन्याने उवा परत आल्या. आईने नवं तेल आणून पुरते सात दिवस चोळलं. एकही मेली नाही. बघता बघता आळीतल्या सगळ्या पोरी डोकं खाजवू लागल्या, आणि तेल कुणालाच लागू पडेना.

वैद्यबुवांनी एक ऊ नखावर घेऊन पाहिली.

"तेल तेच आहे, बाई. उवा त्या राहिल्या नाहीत."

"म्हणजे काय, बुवा?"

"नाजूक होत्या त्या तीन दिवसांत मेल्या. चिवट तेवढ्या उरल्या. मग पिल्लं कुणाची वाढणार? चिवटांचीच."

इलाज उरला नाही. जत्रेच्या आदल्या दिवशी न्हाव्याला बोलवावं लागलं. लेकीने जत्रेसाठी आणलेला गजरा हातातच धरला होता.

"आई, आता हा कुठे माळू?"

आईने तो तिच्या मनगटाला बांधला.

केस पुन्हा वाढले. दोन वर्षांनी उवाही पुन्हा झाल्या. तोवर वैद्यबुवांनी मोठ्या खटपटीने दुसरं औषध शोधलं होतं. या वेळी आई रोज औषध लावून भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची. लेक रुसली, रडली, तरी सातवी रेघ ओढूनच आई थांबली.

आता लेक सासरी आहे. दुपारी फणी घेऊन बसावं, तर समोर डोकं नाही. पण दर दिवाळीला भिंत सारवताना आई तेवढ्या सात रेघा सोडून सारवते.

तात्पर्य: बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडू नये, मागे उरतं ते चिवट असतं, आणि ते आपल्या एकट्याच्या घरात राहत नाही.