फुटली की फोडली

फार पूर्वी, जेव्हा सगळा माल बैलगाड्यांतूनच घाट चढायचा आणि उतरायचा, तेव्हा घाटाखालच्या एका गावात एक गाडीवान राहत होता. हात कसलेला, आवाज गोड. त्याने आपल्या बैलांना हाक मारली की शेजारच्या गाडीचे बैलसुद्धा मान वळवून बघायचे. गावातल्या व्यापाऱ्याची एक गाडी त्याच्याकडे होती. त्यावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं बरं चाललं होतं.

पण एका वर्षात तीन अपघात झाले.

पहिल्यांदा गाडीत तेलाचे बुधले होते. गाडी भर माळावर बसली. परत येऊन तो म्हणाला, "शेठजी, आस मोडला." आसाला वंगण घालायचं काम तो कितीतरी दिवस उद्यावर ढकलत होता, ते काही बोलला नाही.

दुसऱ्यांदा गुळाच्या ढेपा होत्या. ह्याला गाडीवरच झोप लागली आणि तहानलेले बैल गाडीसकट ओढ्यात उतरले. "शेठजी, गूळ भिजला."

तिसऱ्यांदा काचेच्या बांगड्यांच्या पेट्या होत्या. "शेठजी, घाटात गाडी उलटली. हौशा बुजला हो." हौशा म्हणजे उजवीकडचा बैल. तो पाय उचलून अंगणात उभा होता. त्याला बोलता येत नव्हतं.

व्यापारी ओरडला नाही. "तुझ्या हातून कधी काहीच होत नाही, बाबा," तो म्हणाला. "सगळं आपलं आपण होऊन बसतं. कासरा खुंटीला लाव आणि घरी जा."

गाडीवान दुसरीकडे काम शोधू लागला. तेल्याकडे गेला, वखारवाल्याकडे गेला, भुसाराच्या दुकानात गेला. सगळीकडे एकच प्रश्न. "आधीचं काम का सुटलं?" आणि ह्याचं एकच उत्तर. "गाडी उलटली. बैल बुजला." वखारवाला म्हणाला, "माझी लाकडं फुटायची नाहीत रे, पण ज्याच्या अंगावर पडतील तो फुटेल ना!" विहिरीवर पाण्याला गेला तर बाकीचे गाडीवान विचारायचे, "काय रे, विहीर नाही ना उलटली?"

एके दिवशी बायकोने गाठोडं बांधायला घेतलं. "माझा भाऊ मिठागरावर आहे," ती म्हणाली. "आपणही जाऊ. मीठ ओढायला बैल लागत नाहीत."

गाडीवानाने आपल्या हातांकडे पाहिलं. कासऱ्याशिवाय त्या हातांना दुसरं काही येत नव्हतं. "पुढच्या बाजारापर्यंत थांब," तो म्हणाला. "तोवर नाही मिळालं, तर जाऊ."

घाटावरच्या गावात एक म्हातारी कुंभारीण राहत होती. तिची गाडी होती, बैलजोडी होती, पण हाकायला कुणी नव्हतं. घाटातून मडकी न्यायला कोणी तयार होत नसे. गाडीवान घाट चढून तिच्या अंगणात गेला तेव्हा ती आव्यातून भाजून काढलेली मडकी एकेक उचलून बोटाने वाजवून बघत होती. चांगलं मडकं खणखणीत वाजायचं. तडा गेलेलं बद्द वाजायचं. ते ती बाजूला ठेवायची.

"मावशी, गाडीवान हवाय म्हणे तुम्हाला."

"हवाय. आधीचं काम का सुटलं?"

"गाडी उलटली. बैल बुजला."

म्हातारीने हातातलं मडकं खाली ठेवलं. "हे तुझं बोलणं बद्द वाजतंय बघ."

गाडीवान जायला वळला.

"काम देते मी," ती म्हणाली. "पण एक अट आहे. माझ्या अंगणात 'फुटलं' म्हणायचं नाही."

गाडीवानाला वाटलं, कुंभाराचं घर आहे, अशुभ मानत असतील. आपण नाही का, बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. नारळही वाढवतो. तो घाईघाईने म्हणाला, "बरं मावशी. मडकं वाढवलं म्हणेन."

म्हातारी इतकी हसली की तिच्या पुढ्यातलं मडकं घरंगळायला लागलं. "अरे वेड्या, वाढवलं नव्हे! 'फोडलं' म्हणायचं. 'मी फोडलं' म्हणायचं."

"त्याने काय होतं, मावशी? मडकं काही जोडलं जात नाही."

"मडकं नाही जोडलं जात," ती म्हणाली. "पण जे आपलं आपण फुटलं, ते उद्याही आपलं आपण फुटेल. त्याला तू काय करणार आणि मी काय करणार? जे तू फोडलंस, ते उद्या न फोडणं तुझ्या हातात आहे. मला हात असलेला गाडीवान हवाय. चल, आता त्या गाडीचं पुन्हा सांग."

गाडीवान म्हणाला, "गाडी मी उलटवली." एवढं बोलल्यावर पुढचं आपोआप येईल असं त्याला वाटलं होतं, पण ते एकेक शब्दाने ओढून काढावं लागलं. "मागून दुसरी गाडी आली. तो म्हणाला, बघू खाली आधी कोण पोहोचतं. मी आसूड मारला. उतारावर मारला. हौशा बुजला नव्हता, मावशी. तो थांबायला बघत होता. मी त्याला थांबू दिलं नाही."

म्हातारीने पुढचं मडकं उचललं आणि वाजवलं. "सकाळी ये," ती म्हणाली. "उद्या बाजार आहे."

सकाळी त्याने आसाला वंगण घातलं, मडक्यांमध्ये पेंढा दाबून बसवला, सगळं बांधून पुन्हा हलवून पाहिलं. गोठ्यातल्या खुंटीवर एक घडी घातलेली गोधडी होती. गाडीवर बसायला म्हणून त्याने तिला हात लावला.

"ती राहू दे," म्हातारी एकदम म्हणाली. "पोतं घे."

त्याने पोतं घेतलं.

घाटाच्या मोठ्या वळणावर मागून ओळखीचा आवाज आला. "काय रे! आज मडकी आपली आपण उतरणार वाटतं? ये, बघू खाली आधी कोण पोहोचतं!"

गाडीवानाने गाडी थांबवली. खाली उतरला. दोन्ही बैलांच्या पुढे जाऊन उभा राहिला, कासरा आखडून धरला आणि त्यांच्या मानेला हात लावून सबंध उतार पायी उतरला. सगळ्या गाड्या हसत हसत त्याच्या पुढे निघून गेल्या. घाट संपला तेव्हा एकाही मडक्याचा टवका उडाला नव्हता.

पुढे सपाट रस्ता होता. तो गाडीवर चढला. किती दिवसांनी त्याच्या गळ्यातून गाणं आलं! गाता गाता त्याची नजर वर गेली, वर घारी फिरत होत्या, आणि तेवढ्यात चाक एका दगडावर चढून धाडकन आदळलं.

मागचा मोठा रांजण उभा चिरला होता.

बाजारभर तो त्याच विचारात होता. रांजणाला आव्यातही तडा जातो. 'मावशी, भाजतानाच गेला असेल' म्हटलं, तर कोण नाही म्हणेल? पहिल्याच दिवशी माल फोडणाऱ्याला कोण ठेवून घेतं? घरी गाठोडं बांधलेलंच होतं. मिठागराची वाट त्याला समोर दिसत होती.

ऊन कलताना गाडी अंगणात शिरली. म्हातारी चाकाजवळ उभी राहिली. "काय झालं?"

"मावशी, रांजण फु..." त्याची जीभ अडली. त्याने चिरलेल्या रांजणाचं खापर उचलून तिच्यापुढे धरलं. "फोडला. मी फोडला."

"घाटात?"

"नाही. सपाटीवर. घाट उतरला म्हणून मी खुशीत गात होतो. रस्त्याकडे बघत नव्हतो."

"घाट पायी उतरलास आणि सपाटीवर फोडलास?"

"हो."

"मग पुढच्या खेपेला?"

"सपाटीवरही रस्त्याकडे बघेन. गाईन, पण बघेन."

म्हातारी जवळ आली. मडकं वाजवावं तसं तिने बोटाने त्याच्या कपाळावर टिचकी मारली आणि कान लावून ऐकल्यासारखं केलं. "खणखणीत आहे," ती म्हणाली. "हातपाय धू. भाकरी टाकलीय."

दोघं ओसरीवर जेवायला बसली. भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं. पोटात घास गेला, तसा गाडीवान मोकळा झाला. "मावशी, ती गोधडी कोणाची हो?"

"माझ्या मुलाची. ही गाडी तोच हाकायचा."

"आता कुठे असतो?"

"मी घालवला त्याला," म्हातारी म्हणाली.

म्हातारी ताटातल्या भाकरीकडे बघत बोलत होती. "सकाळी म्हणाला, आई, अंग मोडून आलंय. मी म्हटलं, एवढा बाजार करून ये, मग पड. तो परत आला तो तापाने फणफणत. मग उठलाच नाही. लोक म्हणतात, गेला बिचारा. मी तसं म्हणत नाही. त्याच्याबद्दल माझ्या अंगणात मी तो शब्द चालू देत नाही. मी घालवला."

धीर द्यायचे शब्द गाडीवानाला येत नव्हते. मग त्याला तिचीच रीत आठवली, आणि तो विचारू लागला.

"ताप तुमच्याच घरी आला होता का, मावशी?"

"छे. साथच होती. घरोघरी माणसं गेली. सुताराचा बाप गेला, गुरवाची सून गेली."

"सुताराचा बाप बाजारला गेला होता?"

"तो कसला जातोय! तो वर्षभर खाटेवरच होता."

"आणि गुरवाची सून?"

"तिला तर सासूने उंबऱ्याबाहेर पाऊलही..." म्हातारी बोलता बोलता थांबली.

"मावशी," गाडीवान हळूच म्हणाला, "वाजवून बघायला तुम्हीच शिकवलंत. तुमचा हा शब्द मला बद्द वाजतोय. रांजण मी फोडला. गाडी मी उलटवली. तुमचा मुलगा गेला, मावशी. तुम्ही नाही घालवला."

"पण मी त्याला पाठवला, हे तर खरं ना?"

"पाठवला. तेवढं तुमचं आहे. तेवढंच म्हणा."

अंगणात बैल कडबा खात होते.

"पाठवला," म्हातारी म्हणाली. मग मुलाबद्दल पहिल्यांदाच ती म्हणाली, "गेला."

तिने पदराने तोंड पुसलं, दोघांची ताटं उचलली आणि आत गेली. आतूनच तिचा आवाज आला. "उद्यापासून पोतं नको घेऊस. फार आदळतं त्यावर. ती गोधडी घे."

त्या दिवशी घरी गाठोडं सुटलं. पुढच्या खेपेला गाडीवान मुद्दाम व्यापाऱ्याच्या दारावरून गेला. गोधडीवरून खाली उतरला आणि म्हणाला, "शेठजी, त्या दिवशी हौशा बुजला नव्हता. मी हाणला होता."

"माहीत आहे," व्यापारी म्हणाला. "हौशाच्या पाठीवरच्या वळांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. तू कधी सांगतोस, त्याचीच वाट बघत होतो."

गोठ्यातून हौशाने मान वळवून बघितलं. गाडीवान आत गेला आणि त्याच्या दुखऱ्या पायावरून हात फिरवत बराच वेळ बसून राहिला.

तात्पर्य: जे आपण केलं त्याला 'झालं' म्हणू नये, आणि जे झालं त्याला 'मी केलं' म्हणत जन्मभर उरावर वागवू नये.