मागून आलेला हॉर्न

“पण उस्ताद, त्याची चूक नेमकी काय झाली?”

शार्दूलने हे तिसऱ्यांदा विचारलं. याकूब उस्ताद मडक्यात पाणी ओतत राहिले.

उस्तादांनी चाळीस वर्षं ट्रक चालवला होता. आता ते करंज घाटातल्या अवघड वळणावर खोपट बांधून एकटेच राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजत. गेल्या वर्षी याच वळणावर शार्दूलचा मित्र जयदीप मोटारसायकलसकट दरीत गेला. त्याला वर काढलं उस्तादांनी, आणि जीव जाईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले तेही उस्तादच. शार्दूल तेव्हा घाटाखालच्या टपरीवर चहा सांगून त्याची वाट बघत होता.

“गॅरेजवाला म्हणाला, ब्रेक तापून निकामी झाले होते. खालच्या गिअरवर उतरायला हवं होतं त्यानं. सारखा ब्रेक दाबत आला... हीच चूक ना?”

“तुला काय वाटतं?”

“मी आता सगळी काळजी घेतो, उस्ताद.”

ते खरं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. शार्दूल तर चिलखत चढवून ताक प्यायला बसला होता. कोपरांना, गुडघ्यांना, पाठीला जाड गाद्या. टायर नवे. अंधार पडायच्या आत घरी. आणि फिरायचं ते एकट्यानेच. सोबत येऊ का म्हणणाऱ्यांना त्याने इतक्यांदा टाळलं, की आता कुणी विचारतही नसे. रविवारी त्याचा फोन दिवसभर वाजत नसे. त्याला फार एकटं वाटे.

“एकटाच का फिरतोस?”

“मागे कुणी असलं की धोका वाढतो.”

“कुणाचा?”

शार्दूलने गुडघ्यावरची गादी घट्ट केली.

“वळणावर हॉर्न देतोस?”

“प्रत्येक वळणावर.” तो जरा ताठ झाला.

“मग उत्तर काय येतं?”

“उत्तर?... हॉर्नला कसलं उत्तर?”

उस्तादांनी मोटारसायकलकडे बोट केलं. “दे बघू.”

शार्दूलने हॉर्न दिला.

“आता गप्प बस.”

घाट निवांत होता. वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना... मग खालून, वळणापलीकडून, एक लांबलचक हॉर्न आला. पाठोपाठ उसाने भरलेला ट्रक धापा टाकत वर आला. ड्रायव्हरने उस्तादांना हात केला आणि ट्रक निघून गेला.

शार्दूलचं तोंड उतरलं.

“उस्ताद... जयदीपनंही मला हॉर्न दिला होता. मागून. दोनदा.”

शार्दूलने दरीकडे पाहिलं.

“मला वाटलं, याला पुढं जायचंय. मी वेग वाढवला. आमचं नेहमीचंच होतं ते... मला गाठायच्या नादात तो ब्रेकवर ब्रेक मारत आला असणार. ब्रेक सुटतायत, हेच सांगत होता तो मला. आणि मी पळालो.”

वर्षभरात हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तो ढसाढसा रडला.

उस्तादांनी समजूत घातली नाही आणि दोषही दिला नाही. पेलाभर पाणी त्याच्यापुढे धरलं.

“शेवटी काही बोलला का तो?” शार्दूलने विचारलं.

“आईला सांगा, म्हणाला... पुढचं त्याला बोलता आलं नाही.”

“मी त्यांच्याकडं गेलोच नाही अजून. कोणत्या तोंडानं जाऊ?”

उस्ताद उठले आणि खोपटात शिरले. बाहेर आले ते हेल्मेट घालूनच. हनुवटीखालचा पट्टा त्यांनी दोनदा ओढून पाहिला.

“डोकं म्हातारं आहे, पण आहे एकच,” ते म्हणाले, आणि मागच्या सीटवर बसले.

वर्षभर त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. शार्दूलला पाठीशी माणूस असल्याचं जाणवलं.

“कुठं, उस्ताद?”

“त्या माउलीकडं.”

शार्दूलने किल्ली फिरवली. त्याची बोटं कापत होती.

“आधी हात थांबू दे.”

बऱ्याच वेळाने बोटं शांत झाली.

“निघू?”

उस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मी हाक मारली तर थांबशील ना?”