वाकड्या कवटीचा वर

पूर्वी कृतयुगात पयोष्णीच्या तीरावर एकदा धुके पडले, ते उठलेच नाही. त्याचा तो एकविसावा दिवस. दिवस आपला म्हणायचा. पूर्वेला थोडे पांढुरके होई, पश्चिमेला थोडे काळसर होई, आणि मधल्या वेळात नदी, वाळवंट, अरण्य, ऋषींच्या पर्णकुटी सारे ओल्या वस्त्रात गुंडाळून ठेवल्यासारखे. पानांवरून पाणी ठिबकत होते, पण वाऱ्याची झुळूक म्हणून नाही. नीहारासुर नावाच्या दैत्याने घोर तप करून ब्रह्मदेवाकडे वर मागितला होता, की सहस्ररश्मी सूर्याच्या एकाही किरणाने मला शिवू नये. आणि वर मिळताच तो धुके होऊन त्या खोऱ्यावर हातपाय पसरून निजला होता. देवांचे रथ जिथे वाट चुकत, तिथे पाखरांची काय कथा!

तीरावरच्या जुन्या अर्जुनवृक्षाच्या ढोलीत वक्रनख नावाचा उलूक, म्हणजे घुबड, राहत असे. त्या काळी उलूक हा दिवसाचा शिकारी. ससाण्यासारखी निमुळती कवटी, दोन्ही अंगांना सारख्या उंचीवर कान, आणि दृष्टी अशी की आभाळातून गवतातला उंदीर दिसावा. पण धुक्यात ती दृष्टी काय करील? नवव्या दिवशी त्याची पत्नी भक्ष्याला म्हणून गेली, ती परतली नाही. ढोलीत तीन पिले होती. आधी ती ओरडत, मग कण्हू लागली.

त्याच वृक्षाच्या वरच्या फांदीवर ताम्रपक्षा नावाची वृद्ध घार होती. आश्रमांतले उष्टेखरकटे उचलून ती कशीबशी जगत होती, आणि त्यातलाच एखादा घास पिलांना देई. आता तेही संपले होते.

त्या सकाळी खाली पाचोळ्यात खसखस झाली. वक्रनखाने झेप घेतली, आणि तो उघड्या मुळावर आपटला.

"पुन्हा चुकलास ना?" घार वरून म्हणाली.

"अक्का, उजवीकडे की डावीकडे ते कळते. पण किती खाली, ते कळत नाही. उंदीर इथेच आहेत हो! माझी लेकरे मरताहेत आणि उंदीर इथेच हिंडताहेत!"

"मग माझ्यापुढे रडून काय होणार? त्या मृद्गर्भ ऋषींकडे जा. चिखलाला आकार देतात, तुझ्या नशिबाला देतात का बघ."

मृद्गर्भ ऋषी नदीच्या मातीचे शिवलिंग रोज स्वतःच्या हाताने घडवीत, पूजा झाली की जळात सोडीत. सहस्र वर्षे हा नेम चालला होता. वक्रनख फांद्यांना धडकत, पडत, उठत त्यांच्यापुढे जाऊन लोळण घेता झाला.

"हे तपोनिधे, हे करुणार्णवा! माझ्या तीन बाळांना प्राणदान द्या!"

ऋषींनी चिखलाने माखलेला पंजा कानामागे धरला. "काय म्हणालास? मोठ्याने बोल बाबा. वयोमानाने ऐकू येत नाही."

वक्रनखाने सारे पुन्हा सांगितले. ऋषी कितीतरी वेळ आपल्या त्या वाकवलेल्या पंजाकडे पाहत राहिले, आणि हळूच हसले.

"दैत्याचा वर मोडणे माझ्या हाती नाही. पण ओंजळीत जसे पाणी, तसा पंजात शब्द साठतो. तुझा चेहराच मी अशा दोन ओंजळींचा करतो. मात्र ऐक, पक्षिराज! कवटीत जागा थोडी. कानांना दिली की डोळ्यांची जाते. बुबुळे जागीच खिळतील. बाजूचे पाहायचे तर अख्खी मान फिरवावी लागेल. कबूल?"

"डोळे पुरते घ्या, महाराज!"

"तर माझा मंत्र संपून हात निघेपर्यंत मान हलवू नकोस. हाड तोवर मातीसारखे मऊ राहील, मग दगडासारखे होईल."

ऋषींनी पयोष्णीचे जळ शिंपडले, आणि मंत्र म्हणत दोन्ही अंगठ्यांनी ती निमुळती कवटी रुंदावू लागले. चेहरा थाळीसारखा पसरला, पिसांच्या कडा उभ्या राहिल्या, आणि वक्रनखाच्या कानांत जग शिरू लागले. दूर नदीचे पाणी. गवतावरून सरकणारा थेंब. मग, अर्ध्या कोसावरून, आपली ढोली. एक पिलू कण्हत होते. दुसरे कण्हत होते. त्याने तिसऱ्याची वाट पाहिली.

तिसरा आवाज नव्हता.

हलू नये हे त्याला माहीत होते. पण शिकारी पाखराची जात ती. आवाजाच्या शोधात मान वळल्यावाचून राहत नाही. त्याची मान वळली, ऋषींचे अंगठे घसरले, आणि त्याच क्षणी मंत्र संपला.

"अरे अधीरा!" ऋषी गरजले. "काय केलेस! एक कान वर गेला, एक खाली राहिला! भाजलेले मडके पुन्हा चाकावर चढत नाही. तू असाच राहशील, आणि तुझ्या वंशात जो जो जन्मेल तो वाकड्या कवटीनेच जन्मेल!"

वक्रनखाने पंख पसरले. रागवायचे तरी कोणावर? तो उडाला तेव्हा त्याला आशा नव्हती, नुसती घाई होती.

वाटेत खाली पाचोळ्याआड दाताने बी कुरतडल्याचा नाद आला. एका कानात तो जड वाजला, दुसऱ्यात हलका. त्याने मान थोडी कलती केली, तसे दोन्ही कानांत तो समतोल झाला. आणि धुक्याच्या पोटात, किती खाली, किती डावीकडे, ते जणू बोट ठेवून कोणी दाखवावे तसे त्याला कळले. सरळ कवटीला जे कधी साधले नव्हते, ते वाकडीने साधले. त्याने डोळे मिटले आणि पंजे सोडले. नखांत ऊन ऊन काहीतरी धडपडले.

पुढे वायुदेवाने नीहारासुराला समुद्रात लोटून मारले आणि खोऱ्यात ऊन पडले. पण ऋषीचा शब्द फिरला नाही. उलूककुळात आजही एक कान वर, एक खाली, तोंड थाळीसारखे आणि डोळे खिळलेले. ओळखीच्या पाखरांनी त्या रूपाला भिऊन टोचे मारले, म्हणून उलूकांनी दिवस सोडला आणि अंधार धरला.

हे सारे नंतरचे. त्या दिवशी वक्रनख ढोलीत शिरला, तेव्हा दोन पिले त्या अनोळखी तोंडाला पाहून किंचाळत मागे सरली, तिसऱ्याच्या थंड देहाआड लपली. त्याने उंदीर पुढे ठेवला आणि तोंड फिरवले. कितीतरी वेळाने एकाने घास ओढला. वक्रनख ढोलीच्या तोंडाशी बसून रडू लागला. वरच्या फांदीवरून ताम्रपक्षा खाली उतरली, आत डोकावली, आणि म्हणाली, "तोंड नाही ओळखले रे, पण घास ओळखला ना? ऊठ बाबा. अजून एक चोच उघडीच आहे."