‘जसे’ की ‘जितके’

“…पण बाबा, ‘होस’ म्हणजे नुसतं ‘जसे’, की ‘जितके’?”

चर्चची देखभाल करणारे म्हातारे शांतवनबाबा अंगणातल्या दोरीवरची चादर चाचपून बघत होते. वाळली होती. उद्याच्या प्रभुभोजनाला भाकर आणि प्याला याच चादरीवर मांडायचा.

एलिया पाळकाचं शिक्षण पुरं करून नुकताच गावी आला होता. उद्या प्रभुभोजनाच्या मेजामागे पहिल्यांदाच तो उभा राहणार होता. त्याआधी सगळी मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणणार. इथली एक जुनी रीत होती. ज्याच्या मनात कुणाविषयी अढी असेल, त्याने क्षमेच्या ओळीला गप्प राहायचं आणि भाकर न घेता बसून राहायचं.

आणि थोरल्या भावाने, अमोसने, उद्या येतो म्हणून निरोप धाडला होता.

वडील वारले तेव्हा अमोसने त्याला कळवलं ते मूठमाती देऊन झाल्यावर. ग्रीकचा पेपर बुडू नये म्हणून. एलिया त्या पेपरात पहिला आला. तेव्हापासून तो भावाशी बोलला नव्हता.

आम्ही क्षमा करतो तशी आम्हाला कर, या मागण्याचा सगळा भार मूळ ग्रीकमध्ये ‘होस’ या एवढ्याशा उभयान्वयी अव्ययावर आहे, असं त्याने बाबांना समजावलं. ‘जितके’ असेल तर आपली धडगत नाही. नुसतं ‘जसे’ असेल तर थोडी वाट निघते. एक टीकाकार एक म्हणतो, दुसरा भलतंच. वाचावं तितका गोंधळ वाढत होता.

“तुम्हीच सांगा. मी ती ओळ म्हणू की नको?”

“धर,” बाबा म्हणाले.

एलियाने चादरीची दोन टोकं धरली, बाबांनी पलीकडची दोन. चादर झटकली, ताणली. एलिया घडी घालायला पाऊलभर पुढे आला. बाबाही आले. तो आणखी पुढे आला. बाबाही.

“म्हणजे ‘जितके’च, नाही का?” एलिया मध्येच थांबला.

बाबाही थांबले. चादर झोळीसारखी खाली लोंबली.

“या ना बाबा. मातीला लागेल.”

“पंडित थांबले, मी थांबलो.”

एलिया घाईने पुढे झाला. टोकं जुळली. घडी झाली. त्याच्या डोक्यातला गुंता मात्र होता तसाच…

“बाबा, अर्थ राहिलाच.”

बाबांनी घडी त्याच्या हातात दिली आणि चपला शोधू लागले.

“सकाळी लवकर ये. मेजावर चादर घालायला दोघं लागतात.”

“तुम्ही असालच की.”

“मी नाही. दुसरं टोक अमोस धरेल.”