गोंदाची घोडी आणि पाटलांचा नवरदेव

एका गावात गोंदा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हा गावाचा शब्द. त्याची बायको ठकूबाई दुसरा शब्द वापरायची, तो पोराबाळांसमोर सांगण्यासारखा नाही. कुणी काही शिकवलं की गोंदा मान हलवून म्हणायचा, "कळलं." आणि तो "कळलं" म्हणाला की ठकूबाई देवापुढं दिवा लावायची.

या गोंदानं घरातल्या दोन शेळ्या विकल्या आणि बाजारातल्या हेड्याकडून, म्हणजे जनावरांच्या दलालाकडून, एक घोडी आणली. वरातीला द्यायची म्हणून. घोडी पांढरीशुभ्र, फक्त मागचा एक पाय काळा. पहिलं गिऱ्हाईकही लगेच मिळालं. दाजीबा पाटलांच्या रंगरावचं लग्न शुक्रवारी होतं.

आता पाटलांचं ऐका. रंगराव पोरगा चांगला, पण त्याचा एक पाय जन्मापासून आखूड. गावाला हे माहीत होतं, मुलीकडच्यांना नव्हतं. मुलगी बघायला गेले तेव्हा पाटलांनी त्याला गाडीतून थेट ओट्यावर उतरवलं, आणि निघेपर्यंत तो लोडाला टेकून बसला. पाव्हण्यांना वाटलं, पोरगं किती शांत! लग्नातही तो घोडीवरून मांडवापर्यंत जाणार होता, आणि तिथून चार गडी त्याला उचलून बोहल्यावर नेणार होते. आमच्यात तशी रीतच आहे, असं पाटलांनी कळवून टाकलं होतं.

आणि सोमवारी घोडी लंगडायला लागली. पुढच्या डाव्या पायानं.

पाटलांनी गोंदाला बोलावून घेतलं. "हे बघ, वाटेत घोडी अडली तर रंगराव उतरंल. उतरला तर चालंल. चालला तर लगीन मोडंल. आन् लगीन मोडलं तर तू या गावात ऱ्हायचा न्हाईस."

"कळलं," गोंदा म्हणाला.

घोडी का लंगडते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. उपाय मात्र सगळ्यांना ठाऊक होता. उंटावरून शेळ्या हाकण्यात ते गाव पटाईत. शेजारचे पांडूतात्या तर आपल्या ओट्यावरून उठलेही नाहीत.

"हळद-तेल चोळ आन् गरम विटेनं शेक," तात्या म्हणाले.

"कंचा पाय?"

"आरं, जो बाकीच्यांपेक्षा निराळा दिसंल तो!"

"कळलं."

गोंदानं चारही पाय नीट बघितले. तीन पांढरे, एक काळा. मग तो घोडीच्या मागं बसला, काळ्या पायाला तेल चोळलं आणि त्याला तापलेली वीट लावली. घोडीनं त्याला एका लाथेत उकिरड्यावर पोचवलं.

ठकूबाईनं त्याला हाताला धरून उठवलं. "आवं, मागनं जात्यात व्हय? म्होरनं जावं. नाव घेऊन हाक मारावी. मान थोपटावी. तोंडात गूळ घालावा. मग सावकाश पाय उचलून बघावा."

"कळलं."

कुणाचा पाय, हे ठकूबाईनं सांगितलं नव्हतं. गोंदा घरातून गूळ घेऊन बाहेर आला, तर दारात पाटील उभे. "पायाचं काय झालं, गोंदा?" त्यांनी विचारलं.

गोंदा समोरून गेला. "दाजीबा!" अशी खणखणीत हाक मारली. पाटलांना नुसत्या नावानं हाक मारणारं माणूस गावात उरलं नव्हतं. ते आ वासून बघत राहिले. तोंड उघडंच होतं, त्यामुळे गूळ घालायला सोपं गेलं. मग गोंदानं त्यांची मान थोपटली आणि वाकून पाय उचलला. पाटील अंगणात उताणे पडले.

"पाय झकास हाय, मालक," गोंदा म्हणाला.

पाटील धोतर झटकत, शिव्या देत गेले आणि त्यांनी नालबंद इमामचाचांना धाडलं. चाचांनी घोडीचा डावा पाय उचलून बघितला. इतक्या दिवसांत असं करणारा हा पहिलाच माणूस.

"घोडं पेंड खातंय ते इथं," चाचा म्हणाले. "नालाखाली खडा अडकलाय. तीन पाय एका तऱ्हेचे आन् चौथ्यात खडा, मग लंगडंल न्हाई तर काय? चारी पाय सारखे झाले पायजेत. सांजच्याला सांडशी घेऊन येतो."

"कळलं."

चाचा संध्याकाळी आले. घोडी खुंटासारखी उभी होती.

"आता लंगडत न्हाई, चाचा," गोंदा छाती फुगवून म्हणाला.

खरंच लंगडत नव्हती. ती हलतच नव्हती. गोंदानं उरलेल्या तीन खुरांखाली तेवढेच मोठे तीन खडे चिंध्यांनी आवळून बांधले होते.

चाचांनी कपाळाला हात लावला. आधी चिंध्या सोडल्या, मग सांडशीनं नालातला खडा काढला. घोडीनं अंगणात दोन फेऱ्या मारल्या, अगदी ठणठणीत.

"खडा जुना हाय. घेताना बघितलं न्हाईस? हेडी काय म्हणला व्हता?"

"म्हणला, लाखात एक हाय. खोड औषधालाबी न्हाई."

"अरे मूर्खा, घेण्याआधी चार पावलं चालवून बघावं! विकणारा जितका गोड बोलंल, तितक्यांदा चालवावं. आन् दुसरा कुणी फसत असंल तर त्यालाबी सांगावं. पुण्य लागतं."

"कळलं," गोंदा म्हणाला. ठकूबाईनं देवापुढं दिवा लावला. पण घोडी तर बरी झाली होती. आता काय बिघडणार, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली.

शुक्रवारी वरात निघाली. घोडी डौलात चालली. लगाम गोंदाच्या हातात, रंगराव वर, वाजंत्री पुढं. मांडवाच्या दाराशी मुलीचे वडील स्वागताला आले. चार गडी रंगरावला उचलायला पुढं सरकले. पाटलांनी हात जोडले.

"पाव्हणं, पोरगं लाखात एक हाय. खोड औषधालाबी न्हाई."

गोंदाचे कान टवकारले. "पाव्हणं!" तो ओरडला. "घेण्याआधी चार पावलं चालवून बघा!"

वाजंत्री थांबली.

"येडं हाय ते," पाटील घाईनं म्हणाले. "तुमी मनावर घेऊ नका. तुमच्यासारखी देवमाणसं—"

"आता दोनदा चालवा," गोंदा म्हणाला.

चार गडी पाटलांकडं बघत राहिले. रंगरावला मात्र या बसण्याचा कधीचा वीट आला होता. त्यानं गड्यांना बाजूला सारलं, आपला आपण खाली उतरला आणि चालला. लंगडत, पण मान ताठ ठेवून, सासऱ्यांपर्यंत गेला आणि परत आला.

"बसून बसून पायाला मुंग्या आल्यात त्याच्या," पाटील म्हणाले. "तुमचं घराणं म्हंजे काय, सोन्यासारखं—"

"तीनदा," गोंदा म्हणाला.

मुलीच्या वडिलांनी पाटलांकडं पाठ फिरवली. ते गोंदाकडं वळले. "तू तुझी घोडी चालवून घेतली व्हतीस?"

"न्हाई. घरी आणल्यावर लंगडली."

"मग परत का न्हाई केलीस?"

"घोडीत खोट नव्हती, पाव्हणं. खोट हेड्यात व्हती."

सगळा मांडव पाटलांकडं बघायला लागला. मुलीचे वडील आत गेले, मुलीशी बोलले आणि तिचा होकार घेऊन बाहेर आले. लग्न लागलं. रंगराव आपल्या पायांनी बोहल्यावर गेला. पाटलांना मात्र शेवटपर्यंत कुणी बसा म्हटलं नाही.

गोंदा घरी आला तेव्हा बातमी त्याच्या आधीच पोचली होती. ठकूबाई भांडीकुंडी बांधत होती. "चला, आवरा. पाटील काय आता आपल्याला गावात ठिवत न्हाईत."

गोंदाला हसू आलं. "येडी का खुळी तू? लगीन मोडलं तर गाव सोडायचं व्हतं. लगीन तर लागलं! त्यांचं पोरगं म्या खोड दावून खपवलं. असं खपवणाऱ्याला बाजारात दलाली देत्यात."

आणि तो दलाली मागायला पाटलांच्या घराकडं निघालासुद्धा.