केळीच्या पोटातली फुगडी

केळीच्या पोटात टणक बिया असायच्या, तेव्हाची ही गोष्ट. बी धरायची वेळ आली की तिच्या अंगातल्या गुणसूत्रं नावाच्या पोरी जोडीजोडीनं फुगडी घालत आणि फिरताफिरता एकमेकींचे मणी अदलाबदल करत, म्हणून दर बी निराळी निघे. एकदा प्रत्येक जोडीपाशी एकेक तिसरी पोर येऊन उभी राहिली.

"मलाही घ्या की गं!"

केळीला दया आली; तिनं सगळ्यांना ठेवून घेतलं. मग कुणी कुणाचा हात धरायचा? ओढाताणीत फुगडी मोडली, ती कायमचीच. फळ गोड, गुबगुबीत झालं, पण बी धरेना. बुंध्याशी पिल्लं फुटत, तीही हुबेहूब तिच्यासारखी.

परवा एका बुलबुलीनं केळं टोचलं. "आजी, गरात हे काळे ठिपके कसले गं?"

"न धरलेल्या बियांच्या खुणा त्या. तिथं फुगडी रंगायची, बाई," केळ म्हणाली. "तेव्हा माझी एक लेक दुसरीसारखी नसायची."